दादा बोलत नाही, पण घड्याळ घालतो

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याचा सारांश देते.

तिचं वय ३६. ती १७ वर्षांची असताना वडील हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेले. मागे राहिले आई, पाच वर्षांनी मोठा दादा आणि ती. त्यानंतर घरात बाबांबद्दल कुणी कधी बोललंच नाही, असं ती लिहिते. गेल्या वर्षी तिने ‘दिस इज अस’ ही अमेरिकन कौटुंबिक मालिका सलग पाहिली आणि जवळजवळ प्रत्येक भागाला रडली. बाबा गेले तेव्हा मात्र डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, आणि याची तिला आजही लाज वाटते. मालिकेतल्या कुटुंबासारखं आपणही एकत्र बसून बोललो तर सगळे मोकळे होऊ, असं तिच्या मनाने घेतलं. बाबांना जाऊन १९ वर्षं झाली त्या दिवशी तिने आईला आणि दादाला घरी बोलावलं आणि काही न सांगता मालिकेतला वडिलांच्या मृत्यूचा भाग लावला. अर्ध्यातच दादा उठला, चपला पायात सरकवल्या आणि निघून गेला. आई म्हणाली, “जुनं कशाला उकरून काढतेस?” त्याला तीन महिने झाले. दादाचा फोन नाही.

ती लिहिते, “दादा म्हणजे दगड आहे. बाबांचं जुनं घड्याळ रोज घालतो, पण बाबांचं नाव काढत नाही. तो अजून नकाराच्या पायरीवरच अडकलाय. या दोघांमुळे माझीही जखम भरत नाही. ताई, यांना बोलतं कसं करू? की दादाशी संबंधच तोडून टाकू?”

आणि तिसऱ्या पानावर, कंसात, एक ओळ आहे: “त्या दिवशी सकाळी बाबांनी मला आतून दोनदा हाक मारली होती. माझी परीक्षा होती. मी ‘आले’ म्हटलं आणि दहा मिनिटांनी गेले.”

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी ती कंसातली ओळ माझ्या नजरेतून जवळजवळ सुटलीच. दुसऱ्या वेळी मी तिथेच थांबले. तिच्याकडे येणारच आहे. पण तू दादाबद्दल विचारलं आहेस, तेव्हा आधी त्याबद्दल बोलू.

ही मालिका मीही पाहिली आहे. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डॅन फोगलमन यांची ही मालिका अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर सप्टेंबर २०१६ ते मे २०२२ अशी सहा सीझन चालली, एकूण १०६ भाग. जॅक आणि रिबेका पिअरसन हे जोडपं आणि त्यांची तीन मुलं: केविन, केट आणि त्याच दिवशी जन्मलेला, दत्तक घेतलेला रँडल. मुलं १७ वर्षांची असताना एका रात्री घराला आग लागते. घरात असलेल्या सगळ्यांना जॅक बाहेर काढतो, आणि त्याच रात्री, धूर छातीत गेल्यामुळे, हॉस्पिटलमध्ये त्याचं हृदय बंद पडतं. त्या एका रात्रीची सावली पुढच्या वीस-पंचवीस वर्षांवर कशी पडते, ते मालिका काळात पुढे-मागे जात दाखवते.

१७ वर्षांची मुलं, अचानक गेलेले वडील. तुला ही मालिका का लागली, ते वेगळं सांगायला नको.

पण तू दादाला जो भाग दाखवलास, तोच जरा आठवून बघ. ४ फेब्रुवारी २०१८ ला तो प्रसारित झाला होता. त्यात जॅकच्या मृत्यूच्या रात्रीबरोबरच आणखी एक धागा आहे: बऱ्याच वर्षांनंतरचा तोच दिवस, आणि त्या दिवशी घरातले चौघं काय करतात. केट वडिलांनी काढलेला तिचा जुना व्हिडिओ लावून एकटी बसते, दरवर्षी. रँडल मुलींसाठी घरात पार्टी ठेवतो, कारण तो सुपर बोलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा दिवस असतो आणि बाबांना तो आवडायचा. रिबेका नवऱ्याच्या आवडीचा पदार्थ करते आणि तो कुठूनतरी आपल्याला हसवेल याची वाट बघते. आणि केविन इतकी वर्षं हा दिवस टाळत आलेला असतो. त्या वर्षी पहिल्यांदा तो, एकटाच, वडिलांची राख जिथे आहे त्या झाडाखाली जाऊन बसतो.

एक माणूस गेला, चौघं चार ठिकाणी, चार तऱ्हांनी त्याच्याजवळ बसले. एकत्र कुणीच बसलं नाही. आणि चौघांपैकी कुणाचं चुकलं असं मालिका म्हणत नाही.

तू मालिकेतून एकच चित्र उचललंस: सगळे एका खोलीत, बोलणं, रडणं, मिठी. तेही मालिकेत आहे, नाही असं नाही. पण खरंच सगळे ठरवून एका खोलीत बसतात तो प्रसंग आठव. दुसऱ्या सीझनमध्ये केविन व्यसनमुक्ती केंद्रात असतो. समुपदेशक बाई आई आणि तिन्ही मुलांना समोरासमोर बसवतात. तिथे काय होतं? मोकळं होणं राहिलं बाजूला, भांडण पेटतं. आईच्या तोंडून नको ते निघून जातं, रँडल जास्त लाडका वाटत होता कारण त्याला सांभाळणं सोपं होतं, अशा अर्थाचं. थोडं निवळतं ते नंतर, बाहेर, भावंडं एका बाकावर शेजारी शेजारी बसतात तेव्हा. तिथे समुपदेशक नाही, विषय ठरलेला नाही, कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही.

आणि त्या खोलीत यायला केविन तरी तयार कधी झाला? दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला, मागच्या सीटवर लपून बसलेली पुतणी होती, त्यानंतर. त्याला कुणी टीव्ही लावून तिथे आणलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मालिका बघताना आपल्याला प्रत्येकाचा भूतकाळ दाखवला जातो. केविन आत्ता असा का वागला हे कळायच्या आत आपल्याला लहानपणीचा केविन दिसतो, स्विमिंग पूलमध्ये एकटा पडलेला, ज्याच्याकडे आई-बाबांचं लक्ष नाही. मग त्याचा राग येत नाही, माया येते. आपल्या घरात ही सोय नसते. २२ वर्षांचा तुझा दादा त्या दिवशी कुठे होता, त्याला कुणी कळवलं, तो कसा पोचला, पोचल्यावर पहिल्यांदा त्याने काय बघितलं, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. तू एवढंच लिहिलं आहेस की “हॉस्पिटलचे कागद, बँक, सगळं दादाने बघितलं.” २२ वर्षांच्या मुलाने वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी खिडकीसमोर रांगेत उभं राहणं म्हणजे काय, याचा विचार कधी केला आहेस का? मी हे तुला टोचायला विचारत नाही. १७ व्या वर्षी तू तो करू शकत नव्हतीस. ३६ व्या वर्षी करू शकशील.

तुमचे बाबा एकच होते, पण तू आणि दादाने एकच माणूस गमावला असं मला वाटत नाही. तुझे बाबा तुला हाक मारणारे, अभ्यासाचं विचारणारे. दादाचे बाबा पाच वर्षं जुने, कदाचित त्याच्याशी जास्त कडक, कदाचित ज्यांच्याशी त्याचा काही वाद अर्धाच राहून गेला. आईने तर नवरा गमावला, त्या माणसाला तुम्ही दोघं ओळखतही नव्हतात. मग तिघांचं दुःख एका साच्याचं कसं असेल?

आता घड्याळ.

तू ते दादाविरुद्धचा पुरावा म्हणून लिहिलं आहेस. नाव काढत नाही, पण घड्याळ घालतो. मला ते वाक्य उलट्या बाजूने ऐकू आलं. १९ वर्षं जुनं घड्याळ आपोआप चालत नाही गं. त्याला सेल घालावा लागतो किंवा चावी द्यावी लागते. पट्टा चार-पाच वेळा तरी बदलला असणार. काच तडकली असेल तर तसली काच शोधत हिंडावं लागलं असेल. इतक्या वर्षांत नवं घ्यावं असं त्याच्या मनात कितीदा आलं असेल, आणि प्रत्येक वेळी त्याने घेतलं नाही. रोज सकाळी बाबांच्या मनगटावरची वस्तू तो आपल्या मनगटावर बांधतो. याला नकार कसा म्हणायचा?

माझी आई गेली तेव्हा तिचं शिवणयंत्र धाकट्या भावाने नेलं. त्याच्याकडे कुणालाच शिवता येत नाही. मला राग आला होता, मी बोलूनही दाखवलं. मग एकदा त्याच्याकडे गेले असताना तो खाली बसून त्या यंत्राला तेल घालत होता. जुन्या बनियनचा तुकडा, छोटी कुपी, एकेका भोकात दोन थेंब, मग चाक हाताने फिरवायचं, मग परत दोन थेंब. मी नुसती जवळ बसले आणि फडकं धरलं. बराच वेळ गेला. मग मान वर न करता तो म्हणाला, “असा आवाज आला की आपण झोपेत वळायचो, आठवतं?” आईबद्दल तो माझ्याशी बोलला ते हे, चार वर्षांत पहिल्यांदा. मी काही विचारलं असतं तर तेवढंही आलं नसतं, अशी माझी खात्री आहे.

काही माणसांचं दुःख बोलण्यातून बाहेर पडतं, काहींचं हातांतून. शोकाचा अभ्यास करणाऱ्यांनीही हा फरक नोंदवला आहे, आणि एक प्रकार वरचा नि दुसरा खालचा असं ते मानत नाहीत.

‘नकाराची पायरी’ हा शब्द तू वापरलास म्हणून त्याबद्दलही बोलते, कारण तो आता सगळीकडे सरसकट वापरला जातो. नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार या पाच पायऱ्या एलिझाबेथ कुब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९६९ मध्ये मांडल्या, आणि त्या मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या माणसांना त्या नंतर लावल्या गेल्या. प्रत्येकाने त्या क्रमाने चढल्याच पाहिजेत, याला पुढच्या अभ्यासांमधून आधार मिळालेला नाही. मला स्वतःला १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी मांडलेली गोष्ट जास्त पटते. ते म्हणतात, शोकात असलेलं माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करत असतं. कधी गेलेल्या माणसाच्या आठवणीत, कधी समोरच्या कामात, बिलांमध्ये, मुलांच्या शाळेत. ही ये-जा म्हणजेच सावरणं. दुःखापासून थोडा वेळ तोंड फिरवणं हासुद्धा त्याचाच भाग. आईचं “कशाला उकरतेस” ऐकून तुला दार बंद झाल्यासारखं वाटलं. कदाचित ती त्या क्षणी दुसऱ्या टोकाला होती, आणि तू तिला हाताला धरून ओढलंस.

मालिका बघून रडू येतं आणि बाबांसाठी आलं नाही, याची लाज मात्र आजच सोडून दे. अचानक आलेल्या धक्क्यात पुष्कळांना रडू येत नाही. शरीर तेव्हा फक्त उभं राहायचं बघतं. आणि घरात आई कोसळलेली, दादा धावपळीत, तेव्हा १७ वर्षांच्या मुलीने रडायचं कुणाजवळ? आता पडद्यावर दुसऱ्याचे वडील आहेत, हात धरून नेणारं संगीत आहे, हवं तेव्हा थांबवायचं बटण आहे, तुझ्याकडून कुणाला काही नको आहे. तिथे ते पाणी आलं. ते पिअरसन कुटुंबासाठी होतं असं तुला खरंच वाटतं का?

आता जरा अवघड बोलते.

या मालिकेतला मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस रँडल. सर्वांची काळजी घेणारा, सगळं नीट व्हायला हवं म्हणून जीव काढणारा. त्या रात्री वडील परत आत गेले तेव्हा आपण त्यांना थांबवलं नाही, हा सल त्याने वर्षानुवर्षं बाळगलेला असतो. चौथ्या सीझनच्या शेवटाकडे त्याची समुपदेशक त्याला कल्पना करायला सांगते: समज, तू बाबांना थांबवलंस, तर पुढे काय झालं असतं? तो एक सुंदर आयुष्य रंगवतो, त्यात बाबा म्हातारे होतात, सगळं छान होतं. ती म्हणते, हे झालं सर्वांत चांगलं, आता सर्वांत वाईट रंगव. आणि तो रंगवतो, बाबा वाचलेले असूनही सगळं विस्कटलेलं. म्हणजे ‘मी तेव्हा असं केलं असतं तर’ या वाक्याच्या पुढे जे सोन्याचं आयुष्य आपण मनात चितारतो, ते आपणच चितारलेलं असतं.

इथपर्यंत सगळे बघतात आणि डोळे पुसतात. पण त्याच भागात पुढे तो काय करतो ते बघ. आईला विस्मरणाचा आजार जडलेला आहे. तिला औषधाच्या चाचणीसाठी नऊ महिने दूर जायचं नाही, तिने तसं सांगितलेलं आहे. रँडल फोन करून गळ घालतो, जवळजवळ भीक मागतो, आणि आई मुलासाठी हो म्हणते. वडिलांना वाचवता आलं नाही, ते तो आईकडून वसूल करतो. त्यावरूनच पुढे केविनशी त्याचं इतकं भयंकर भांडण होतं की दोघा भावांमध्ये बोलणं उरत नाही. ते सावरायला पाचव्या सीझनचा तेरावा भाग उजाडावा लागतो.

तुझं मन दुखवायचं नाही, पण त्या संध्याकाळी तूही थोडंफार हेच केलंस असं मला वाटतं. तुझ्या जखमेला जे हवं होतं ते तू आई आणि दादाकडे मागितलंस, न सांगता, न विचारता, आणि नेमकं त्या तारखेला. ‘सगळे मोकळे होऊ’ असं तू लिहिलं आहेस. ‘मला बोलायचं आहे’ असं कुठेच लिहिलेलं नाही. आणि जे बोलायचं आहे ते कंसात आहे.

ती दहा मिनिटं.

तुझा दोष नाही, असं मी पटकन म्हणणार नाही. तसं तुला कुणीही म्हणेल आणि तुला ते लागणार नाही, कारण सांगणाऱ्याला काही माहीत नसतं. त्या दहा मिनिटांत काही वेगळं घडू शकलं असतं का, मला माहीत नाही, तुलाही नाही. पण एक गोष्ट तू स्वतःच लिहिली आहेस. “हाक मारली” असं लिहिलंस. ओरडले असं नाही लिहिलंस. रोज घरात जशी हाक ऐकू येते तशी ती हाक होती, आणि परीक्षेला निघायच्या घाईतल्या मुलीने रोज जसं उत्तर दिलं असतं तसं तिने दिलं. ती शेवटची हाक होती हे तुला नंतर कळलं. आज ३६ वर्षांची बाई ते कळल्यानंतर मागे जाऊन त्या मुलीला उलटतपासणीला उभी करते. तिला तेव्हा काय माहीत होतं, एवढंच तिला विचार.

पिअरसनांच्या घरातही असंच आहे बघ. केटला वाटतं, माझ्या कुत्र्यासाठी बाबा आत परतले. केविनला वाटतं, मी घरीच नव्हतो, आणि आदल्या बोलण्यात आम्ही भांडलो होतो. रिबेकाला वाटतं, तो जात होता तेव्हा मी बाहेर खाऊच्या यंत्रापाशी उभी होते. प्रत्येकाजवळ आपापली दहा मिनिटं आहेत, आणि प्रत्येकाला वाटतं की गुन्हेगार मी एकटाच. तुमच्या घरात दादाजवळ आणि आईजवळ त्यांची दहा मिनिटं नसतील कशावरून? मी असतीलच असं म्हणत नाही. पण दादा अर्ध्यात उठला तो पडद्यावर नेमकं काय चाललं असताना उठला, ते तुला आठवतं का?

मग करायचं काय?

आधी दादाला मेसेज. फोन नको, भेट नको, मेसेज, म्हणजे त्याला सवडीने वाचता येईल. असा काहीतरी: “दादा, त्या दिवशी मी तुला न विचारता ते लावलं, ते माझं चुकलं. तुला काही बोलायलाच हवं असं नाही.” इथे थांब. ‘पण मला वाटलं होतं की’ असं पुढे जोडू नकोस, त्या ‘पण’ने आधीचं सगळं पुसलं जातं. कुठल्या लेखाची किंवा व्हिडिओची लिंक पाठवू नकोस. हा लेखसुद्धा नको. उत्तर आलं नाही तर रोजच्यासारखं एखादं साधं काम काढून दोन-तीन आठवड्यांनी परत लिही.

भेट झाली तर समोरासमोर बसून भावना विचारू नकोस. “तुला काय वाटतं?” या प्रश्नाने अशी माणसं आणखी मिटतात. वस्तूबद्दल विचार. “हे घड्याळ दुरुस्त कोण करून देतं रे?” एवढं पुरे. तो एका वाक्यात उत्तर देईल. ते वाक्य आलं की त्याच्यामागे लगेच दुसरा प्रश्न लावू नकोस. गाडीत, चालताना, काहीतरी उचलता-ठेवताना बोलणं होतं, कारण तिथे नजर दुसरीकडे असते.

आईच्या बाबतीत मरणाकडून सुरुवात करू नकोस. १९ वर्षांपूर्वीची ती सकाळ तिला नको असेल, पण त्याआधीची वर्षं नको असतीलच असं नाही. बाबा तरुण असताना कसे चालायचे, कशावर चिडायचे, त्यांचं अक्षर कसं होतं. अक्षर हा फार चांगला विषय आहे, घरात कुठल्यातरी डबीत त्यांच्या हातची एखादी चिठ्ठी असतेच. आणि तिने नको म्हटलं तर नको. तिलाही तिचा हक्क आहे.

आता तुझ्यापुरतं. तुझी जखम भरायला त्या दोघांची परवानगी लागत नाही, आणि मला वाटतं ही बातमी चांगली आहे. जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात विद्यार्थ्यांना मनात दडलेल्या कटू अनुभवाबद्दल लागोपाठ चार दिवस, दररोज १५ मिनिटं लिहायला लावून अभ्यास केला. पुढे तसे पुष्कळ अभ्यास झाले. फायदा सगळ्यांना सारखा होत नाही, आणि लिहून झाल्यावर त्या दिवशी मन जड होतं, हे आधीच माहीत असू दे. पण तुझ्यासारख्या, १९ वर्षांत एकदाच आणि तेही कंसात लिहिणाऱ्या मुलीने हे करून बघावं असं मला वाटतं. शुद्धलेखन बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. ती सकाळ, खोली, हाक, तुझ्या हातात काय होतं, बाबांनी तुला कशासाठी बोलावलं असेल असं तुला तेव्हा वाटलं. लिहिताना धाप लागल्यासारखं झालं, छातीत धडधडलं, तर वही मिट. तो हट्ट करायचा नाही.

रँडलने केला तसा ‘तेव्हा मी असं केलं असतं तर’चा खेळ मात्र एकटीने करू नकोस. मालिकेत तो समोर जाणकार माणूस बसलेलं असताना होतो, ते उगीच नाही. समुपदेशकाकडे जा. दादाला घेऊन नव्हे, एकटी. आणि ती दहा मिनिटं पहिल्याच भेटीत सांगून टाक. पन्नास मिनिटं इकडचं तिकडचं बोलून उठता उठता नको सांगूस. मला वाटतं तुझी सवय तशी असेल, कारण पत्रातही तू तसंच केलंस.

अशीच पत्रं मला इतरही पाठवतात, त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगते. शोक किती काळ चालावा याचं वेळापत्रक नाही. तरी वर्ष उलटून गेल्यावरही जवळजवळ रोज तीच तीव्र ओढ असेल, झोप, खाणं, काम सगळं ढासळलेलं असेल, तर त्याला आता वैद्यकशास्त्रात दीर्घकाळ लांबलेला शोक असं वेगळं नाव आहे आणि त्यावर उपचार आहेत. आणि गेलेल्या माणसामागे आपणही जावं असं मनात येत असेल, तर पुढच्या आठवड्याची वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं आणि घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाला तरी ते तोंडाने सांगायचं.

दुसरी गोष्ट संबंध तोडण्याबद्दल. काही घरांत न बोलण्यामागे दुःख असतं, काही घरांत मारहाण, अत्याचार, छळ झाकलेला असतो. दुसऱ्या प्रकारच्या घरात दूर होणं हेच कित्येकदा शहाणपणाचं असतं, आणि ‘रक्ताचं नातं आहे’ म्हणून कुणी तुम्हाला परत ढकलत असेल तर त्याचं ऐकू नका. पण मैत्रिणी, तुझ्या पत्रात दादाने तुझं काही वाईट केल्याचं एकही वाक्य मला सापडलं नाही. तुझ्या शिक्षणाचे पैसे त्याने भरले, हे तू अर्ध्या ओळीत लिहून पुढे गेली आहेस. तो तीन महिने गप्प आहे कारण त्याला लागलं आहे. एवढ्यावर भाऊ तोडायचा नसतो.

पुढच्या वर्षी ती तारीख येईल. तेव्हा सगळ्यांनी एकत्र यावं असा आग्रह धरू नकोस. तुला जे करावंसं वाटेल ते कर, आणि दोघांना आधी कळव: मी हे करणार आहे, यावंसं वाटलं तर या. आई कदाचित येईल. दादा येणार नाही असं धरून चल. त्या दिवशी तो कुठेतरी असेल, आणि घड्याळ त्याच्या हातात असेल.

तुझी,
ताई